दुपारचा डोस

खोडा ते. — न्हाई ताई, आधी खोडा, मग पुढचं इचारा. ‘अपघात’ लिहिलंत न्हवं? आन् त्याच्या म्होरं ‘इतर कारण’ म्हणून बरोबरची खूण. म्हंजे झालं. पुण्यातल्या एवढ्या मोठ्या दवाखान्याच्या कागदावर आमचा जलील मुलाणी लिव्हरनं गेला न्हाई, तुमी मानेतनं तार घालून बसवलेल्या जाळीनं गेला न्हाई, त्यो टरकाखाली गेला — तुमचा काय संबंध न्हाई, फाईल बंद. वर्षाच्या तपासणीला पेशंट आला न्हाई म्हणून तुमी शोधत आलात, कापूरहोळला एसटीतनं उतरलात, चौकशी करत करत ह्या पंक्चरच्या दुकानापातूर आलात, ते बरं केलंत, एवढं तरी कोण करतं. पण आलाच हाय तर खरं ल्ह्या. बसा. त्या टायरवर बसा, कापड टाकतो. — चहा? बरं, राहू द्या. — मी? मी धनाजी. धनाजी शिळीमकर. मूळचा गुंजवण्याचा, राजगडाखालचा, पण तीस वर्षं हितंच, ह्या भोर फाट्यावर. तुमच्या फाईलीत ‘नातेवाईक — भाऊ’ म्हणून ज्याची सही हाय, त्यो मीच.

तुमी बी हसलात. हसा, तवा बी सगळे हसले होते. फॉर्म भरणारा तुमचा क्लार्क म्हणला, पेशंट मुलाणी, तुमी शिळीमकर, मग भाऊ कसे? जलील खाटंवर पडलेला, तोंडाचं रक्त आत्ताच पुसलेलं, आन् त्यो काय म्हणावा — ‘साहेब, आमी टबभाऊ. तीस वर्षं एकाच टबात हात घालतोय.’ हा टब, हा समोरचा. ट्यूब फुगवायची, पाण्यात बुडवायची आन् बुडबुडा कुठनं येतोय बघायचा. मला बुडबुडा लागतो, त्याला लागायचा न्हाई. त्यो ट्यूब गालाशी धरायचा — अशी — आन् हळूहळू फिरवायचा, आन् म्हणायचा, हितं. गालाला वारा लागायचा त्याच्या. गिऱ्हाईक बघत राहायचं. चालत्या गाडीच्या आवाजावरनं सांगायचा, मागच्या आतल्या चाकात हवा कमी हाय, न्हाईतर नट ढिला हाय. ड्रायव्हर पैज लावायचे आन् हरायचे. — तर सही म्या केली. त्याच्या बायकोला, इमामबी भाभींना, अक्षर येत न्हाई, पोरगी निलोफर लगीन होऊन मिरजेला. डॉक्टरांना जे काय सांगायचं असायचं ते मलाच सांगायचे, आन् मी भाभींना सांगायचो.

आन् तुमच्या कागदावर पहिलाच प्रश्न काय — दारू किती वर्षं? आत्ता तुमी इचारलंत, पहिल्या दिवशी डॉक्टरांनी इचारलं, सोनोग्राफीवाल्यानं इचारलं, वॉर्डातल्या मावशीनं तर इचारलंच न्हाई, तिनं ठरवूनच टाकलं. लिव्हर खराब म्हंजे बेवडा. ताई, एक थेंब न्हाई. पीत मी होतो. अजून बी घेतो कधीमधी, खोटं कशाला बोलू. आखाडात मी लोळायचो तर ह्योच मला सायकलीवर घालून घरी सोडायचा आन् वाटंनं शिव्या मोजायचा. माझं लिव्हर ठणठणीत, त्याचं दगड झालं. डॉक्टर म्हणले काविळीचा एक प्रकार हाय, रक्तातनं येतो, कवातरी कुठल्यातरी सुईतनं आला असंल, वीस-वीस वर्षं आत दबून बसतो, माणसाला पत्ता न्हाई. सुया तर आमी सगळ्यांनीच घेतल्या — ताप आला की सुई, एकच सुई, जरा उकळायची आन् पुढच्याला. मग त्यालाच का? — न्हाई, तुमाला कसं माहीत असणार, मी आपला इचारतोय. ‘दारू — नाही’ एवढं मातर ठळक ल्ह्या. त्याच्याखाली रेघ मारा.

सुरुवात ह्या टबापासनंच झाली. दोन वर्षं उलटून गेली, दिवाळी नुकती सरलेली. त्यो ट्यूब बुडवत होता, मी टॉमी घालून टायर सोडवत होतो, आन् मला वाटलं त्यो टबात थुंकला. म्या म्हणलं, अरं जल्या, पाण्यात पान थुंकतोस व्हय? त्यानं वर बघितलं न्हाई. परत एकदा. सगळा टब लाल, ताई. पानबिन काय नव्हतं. वरवे गावचा टोमॅटोचा टेम्पो हवा भरायला थांबलेला, त्याच्यातच घातला त्याला, क्रेटांवर आडवा, आन् थेट तुमचा दवाखाना. दुर्बीण घातली. अन्ननळीच्या खालच्या अंगाला शिरा फुगलेल्या. डॉक्टर मला समजवायला बसले, पण मला एका झटक्यात कळलं — टायरची भिंत जिथं कमजोर, तिथं ट्यूब फुगा काढती. तसंच. लिव्हर कडक झालं, रक्ताला त्याच्यातनं जायला वाट न्हाई, मागं दाब वाढला, मग जिथं नाजूक जागा तिथं फुगे, आन् त्यातला एक फुटला. दुर्बिणीतनंच त्या फुग्यांना रबराच्या रिंगा बांधल्या. जलील शुद्धीवर येऊन म्हणतो कसा, ‘जन्मभर म्या गाड्यांना रबर बसवलं, आता डॉक्टरांनी मला बसवलं. धन्या, पॅच पक्का हाय का बघ रं.’ न्हवता पक्का. दर तीन आठवड्यांनी पुणं, दर तीन आठवड्यांनी रिंगा. मी न्यायचो, दुकानाला कुलूप. असं चार वेळा झालं. आन् तरी गणपतीत परत उलटी झाली, ह्या वेळी पातेलं भरून. भाभींनी ते पातेलं परत चुलीवर चढवलं न्हाई कवा.

मग मोठ्या डॉक्टरांनी जाळीचं काढलं. वाईट माणूस न्हाई, म्या कवाच म्हणणार न्हाई. पोट फाडायचं न्हाई, टाका घालायचा न्हाई. मानेतल्या शिरंतनं तार खाली न्यायची, लिव्हरच्या मधनंच नवी वाट पाडायची, आन् ती मिटू नये म्हणून तिच्यात तारेची जाळी बसवायची. जाळी तुमच्या अभ्यासातनं फुकट मिळणार. आमी निस्तं वर्षभर तपासणीला यायचं आन् इचारलं ते सांगायचं. कागदाच्या मागं चित्र काढून दावलं त्यांनी. जलील ते बघून म्हणला, ‘म्हंजे बायपास. नाक्यावर न थांबता गाड्या सरळ म्होरं.’ डॉक्टर लई खूश. म्हणले बरोबर, पण मुलाणी, नाका असतो कशाला? तपासायला. पोटातनं येणारी घाण लिव्हर अडवतं. आता थोडं रक्त नाका चुकवून जाणार, तर ती घाण डोक्यात चढू शकती. दहातल्या तिघांना त्रास होतो — दिवसा झोप येती, हात फडफडतात, माणूस भ्रमिष्टावानी करतो. ते होऊ नये म्हणून औषध हाय, रोज घ्यायचं. म्या एवढंच इचारलं, रक्त थांबंल? म्हणले, दहातल्या आठ-नऊ जणांचं थांबतं. म्या सही केली. जलीलनं बी केली, उर्दूत, लई ऐटीत, खाली दोन टिंबं जास्तीची देऊन.

गेल्या साली संक्रांतीच्या आठवड्यात बसवली. बाहेर आणला तर मानेला एवढीशी पट्टी. भाभी म्हणल्या, एवढंच? न्हाव्यानं कापल्यागत दिसतंय. इथनं-तिथनं माणसं बघायला आली ती त्या पट्टीलाच बघायला आली, आन् जरा नाराज होऊनच गेली. पण रक्त थांबलं. ते मी मान्य करतो. ‘पुन्हा रक्ताची उलटी’ — नाही. ल्ह्या. त्या दिवसापासनं मरंपातूर एक थेंब तोंडातनं आला न्हाई. पोटात साठलेलं पाणी बी उतरलं, तंग झालेला सदरा परत ढगळा झाला. पण ताई, माणूस म्हंजे काय निस्तं रक्त हाय व्हय? रक्त आत राहिलं आन् जलील निघून गेला, त्याचं काय? तुमच्या कागदावर त्याला जागा हाय का? म्हणून तर मघापासनं भांडतोय.

गेला म्हंजे कसा? सांगतो ना. टायरांच्या चळतीवर बसल्याबसल्या झोपायचा, भर दुपारी, हॉर्न वाजतायत, कॉम्प्रेसर चालू हाय, ह्यो घोरतोय. हात असे म्होरं धरले की पंजे फडफडायचे — डॉक्टर तसंच धरायला लावायचे, तुमी बघितलं असंल. एकदा मास्तरांच्या सायकलच्या ट्यूबला पॅच लावला. कानसून, सोल्युशन वाळवून, हातोडीनं ठोकून, सगळं रीतसर, देखणा पॅच — आन् भोक भलतीकडंच. मास्तर सायकल ढकलत परत आले. म्या म्हणलं, मास्तर, तुमीच दुसरं पंक्चर करून आणलंय. हसण्यावारी नेलं. मग मला बिलाल म्हणायला लागला. बिलाल त्याचा धाकटा भाऊ, लहानपणीच विहिरीत गेलेला. ‘बिलाल, पाना दे.’ मी द्यायचो. काय करणार, पाहिजे तर पानाच होता ना त्याला.

आन् मग मानसिंगची जीप. मानसिंग वेल्ह्याचा, नसरापूर-वेल्हे सिटा भरतो. त्याचं मागचं चाक बदललं, नट लावायला जलील बसला. मी ह्या अंगाला एका ट्रॅक्टरशी गुंतलेलो. मार्गासनीच्या अलीकडं उतारावर चाक सुटलं आन् जीपच्या म्होरं पळालं, मानसिंग म्हणतो, मला वाटलं हे कुणाचं चाक चाललंय. जीप भाताच्या खाचरात. आत बारा माणसं. साळूबाई म्हणून एक म्हातारी होती, तिचा हात मोडला, बाकी सगळी निस्ती चिखलात लोळून उठली. सांजच्याला मानसिंग आला त्यो लोखंडी पाना घेऊनच आला. कुणी आवळले नट? म्या म्हणलं, म्या. त्यानं चारचौघांत वाजवली मला, हितं, कानाखाली. ‘तीस वर्षं काय गवत उपटत होतास का धनाजी?’ जलील ह्या टायरवर बसलेला, जिथं तुमी बसलाय तिथंच, आन् बघत होता. मानसिंग गेल्यावर म्या जलीलच्या हातनं व्हील पाना काढून घेतला. म्हणलं, आता तू बसत जा, बघत जा, मी करतो. तीस वर्षांत त्याच्या हातनं पाना कुणी घेतला नव्हता. त्यानं दिला. एवढंच म्हणला, ‘धन्या, म्या आवळले होते ना रं?’ म्या म्हणलं, तू लावलेच न्हाईस, म्या लावले. त्यानं मान हलवली. मला वाटलं, पटलं.

न्हाई पटलं. दुसऱ्या दिवसापासनं त्यो समोर थांबलेल्या हरेक गाडीच्या चाकापाशी जाऊन वाकायचा आन् नट चाचपायचा. हातात पाना न्हाई, निस्त्या बोटांनी. मोटार असो, उसाची गाडी असो, एसटी असो. ड्रायव्हर खेकसायचे. कंडक्टर ओळखीचे, ते म्हणायचे, चाचा, झालं का चेकिंग, बेल मारू का? ह्यो मान हलवायचा, मगच ते बेल मारायचे.

दसऱ्याच्या आधी दोन दिवस. तीनचा सुमार. मी टरकाच्या खाली, आतलं चाक निघत नव्हतं, गंजून बसलेलं. खालनं मला त्याच्या चपला दिसल्या जाताना. टरकाखालनं माणसाचं तेवढंच दिसतं. म्या हाक मारली, जल्या, बस खाली. चपला थांबल्या. मग गेल्या. मला बाहेर यायला किती लागलं असंल? कोपर अडकलं, ते सोडवलं — तवर त्यो रस्त्याच्या मधोमध. साताऱ्याकडनं येणाऱ्या टरकाला थांबवत होता. एक हात वर, आन् दुसऱ्या हातानं खाली चाकाकडं बोट करत होता. ड्रायव्हर तरणा होता, रडत रडत सांगत होता, मला वाटलं पोलीस हाय, म्या ब्रेक मारला, चाचा हललेच न्हाईत. साखरंनं भरलेला टरक, ताई. त्यो काय जागच्या जागी थांबतोय? — पंचनामा चालू होता, हवालदार मला मागं ढकलत होता, तरी म्या जाऊन त्या टरकाचे नट बघितले. सगळी चाकं फिरलो. एक-एक नट हातानं बघितला. घट्ट होते. सगळे घट्ट होते.

आता सांगा, ह्याला अपघात म्हणायचा? जाळीच्या आधीचा जलील हायवेच्या मधी उभा राहिला असता? आमाला तीस वर्षं वरडायचा, रस्त्याकडं पाठ करून बसू नका म्हणून. तुमच्या जाळीनं नाका चुकवला, घाण डोक्यात गेली आन् माणूस टरकाच्या म्होरं गेला. सरळ हाय का न्हाई? मग खोडा ‘इतर कारण’. ल्ह्या — जाळीमुळं. पुढच्या पेशंटला तरी सांगताल. ती जाळी अजून त्याच्यात हाय, भोरच्या कब्रस्तानात. डॉक्टर म्हणले होते, गंजत न्हाई.

— काय? सिरप? व्हय, होतं की सिरप. पांढरी बाटली, गोड, चिकट. तेच औषध. रोज तीन वेळा. — दिलं की. सकाळचं आन् रातचं भाभी द्यायच्या, एक दिवस चुकल्या न्हाईत. त्या समोरच्या ढाब्यावर भाकऱ्या करतात, कामावर जाताना त्याला माझ्याकडं सोडायच्या, घरी जाताना न्यायच्या. दुपारचं हितं. बाटली माझ्या हत्यारांच्या पेटीत असायची. — दुपारचं मी. व्हय, मीच द्यायचो, सांगितलं ना.

फाईलीत काय बघताय? — एप्रिलची तपासणी? काय लिहिलंय? वाचा. मोठ्यानं वाचा की. — ‘पूर्ण सावध. हात स्थिर. सही व्यवस्थित.’ — व्हय. एप्रिलमध्ये होता. मे महिन्यात बी होता. मे महिन्यात परत ट्यूब गालाला लावायला लागला होता. आजारपणात सोडली होती ती सवय, मधी दीड वर्ष टबातच बघायचा माझ्यासारखं. एक दिवस अशी गालाशी धरली, फिरवली, आन् म्हणला, हितं. म्या बुडवून बघितलं. तिथंच होतं. — व्हय. म्हंजे जाळी बसवल्यावर पाच महिने. तसं धरलं तर पाच महिने चांगलाच होता.

ताई, तुमी एसटीतनं उतरलात कुठं? पलीकडं. मग रस्ता ओलांडायला किती थांबलात? धा मिनिटं? तुमी तरण्याताठ्या. आधी हितं दोन पदरी रस्ता होता आन् दुकानाच्या मागं मोकळं रान, बाभळी. टमरेल घेतलं की चार पावलांवर. मग चौपदरी आला, आमच्या टपऱ्या मागं सरकवल्या, रान कुणीतरी पुण्याच्या माणसानं घेतलं, भिंत घातली, वर काचा लावल्या. आता जायचं तर पलीकडं, चार पदर आन् मधी डिव्हायडर. ह्या फाट्यावर वीस-बावीस दुकानं, ढाबे, गॅरेज — एक संडास न्हाई. रस्ता करणाऱ्यांकडं म्या दोनदा अर्ज दिला, पोच हाय माझ्यापाशी, दावतो — म्हणले, नकाशात बसत न्हाई. माणसाला पोट असतं हे ह्यांच्या नकाशात बसत न्हाई! आन् त्या सिरपचं कामच ते. डॉक्टरांनी मला बजावलं होतं, दिवसातनं दोन-तीनदा जायलाच पाहिजे, पोट साफ तर डोकं साफ. दुपारचं सिरप घेतलं की त्याला तासाभरात जावं लागायचं, आन् लागलं की दम निघायचा न्हाई. मी हात धरून न्यायचो. गिऱ्हाईक हितं बोंबलतंय, मी तितं डिव्हायडरवर ह्याचा हात धरून उभा. जूनमध्ये, शाळा सुरू झाल्या त्या आठवड्यात, मी एका गाडीत हवा भरत होतो, त्यो एकटाच गेला. परत येताना डिव्हायडरवरनं एक पाय खाली टाकला आन् एसटीनं त्याच्या हातातलं टमरेल उडवलं. हातातलं, ताई. बोटं तशीच, टमरेल न्हाई. त्यो हसत आला. म्हणला, ‘धन्या, सरकारी गाडीनं माझ्या टमरेलाला हात केला.’

दुसऱ्या दिवसापासनं म्या दुपारचं दिलं न्हाई.

— असं बघू नका. दोन वेळचं जात होतं ना पोटात? म्या म्हणलं, तिनातलं एक गेलं तर काय हुतंय. त्याला कळू नये म्हणून झाकणात गुळाचं पाणी द्यायचो, त्यो प्यायचा, म्हणायचा, आज जरा पातळ हाय का रं. आन् बाटली तर खाली व्हायला पाहिजे, भाभी बघायच्या, म्हणून रोज एक झाकण त्या मागच्या भिंतीशी ओतायचो. मुंग्या लागल्या तितं. रांगाच्या रांगा. त्यानंच मला बोलावून दावल्या — ‘बघ, कुणाची तरी साखर सांडलीय.’ आन् त्यो आता रस्ता ओलांडत नव्हता, हे बी खरं हाय. दुपारी हितंच बसून राहायचा. मला लई बरं वाटायचं. मी वाकून काम करायचो, मागं वळून बघायचो, त्यो बसलेला. म्या म्हणायचो, राहिला आपला माणूस.

जुलैची बी वाचताय? वाचू नका. मला माहीत हाय काय लिहिलंय. — ‘सिरप नियमित, तिन्ही वेळा, असे भाऊ सांगतो.’ व्हय, भाऊ सांगतो. डॉक्टरांनी त्याचे हात म्होरं धरायला लावले, पंजे फडफडले, कागदावर चांदणी काढायला सांगितली, त्यानं निस्त्या रेघा ओढल्या. मग माझ्याकडं वळून इचारलं, औषध बरोबर चाललंय ना? भाभी माझ्या शेजारी उभ्या. म्या म्हणलं, तिन्ही टायमाला. मोठे डॉक्टर कपाळाला हात लावून बसले. म्हणले, एवढं औषध चालू असून डोकं बिघडतंय, म्हंजे जाळीतनंच जास्त रक्त जातंय, बारीक करावी लागंल, दिवाळीनंतर बघू. — तवाच कळलं मला. तितंच, त्या खुर्चीत. तोंड उघडलं बी होतं म्या. भाभींनी काय करावं — डॉक्टरांना म्हणल्या, ‘धनाजीभाऊ हाईत म्हणून मी कामावर जाती, घरातलं बी कुणी एवढं करत न्हाई.’ मग मिटलं तोंड.

उद्यापासनं देतो म्हणलं. दिलं. दोन दिवस दिलं. तिसऱ्या दिवशी त्यो टमरेल घेऊन डिव्हायडरवर उभा दिसला. परत बंद केलं. — मानसिंगची जीप? ऑगस्टात. व्हय, नंतर. मास्तरांची सायकल बी नंतर, बिलाल बी नंतर. सगळं नंतरचंच हाय. तुमी बोटांवर महिने मोजू नका, मी मोजलेत.

का थांबलात? पेन का ठेवलं? ल्ह्या ना. तुमच्या डॉक्टरांनी दहातले तीन सांगितले होते. जलील त्या तिघांतला नव्हता, ताई. त्यो उरलेल्या सातांतला होता. म्या त्याला उचलून तिघांत बसवला. ल्ह्या, नावासकट ल्ह्या — धनाजी शिळीमकर, भाऊ, दुपारचा डोस देत नव्हता. जूनपासनं. आणा, सही करतो. आन् जाळीला नावं ठेवू नका, पुढच्याला बसवा, पण त्याच्या भावाला इचारा, संडास किती लांब हाय. — सगळं कागदावर ल्ह्या. भाभींना वाचता येत न्हाई. म्हणून म्हणतो, कागदावर काय बी ल्ह्या, निस्तं त्यांच्यापाशी तोंडानं — त्या रोज दुपारी दोन भाकऱ्या जास्तीच्या थापतात माझ्यासाठी. ह्या वक्ताला घेऊन येतात. म्हणतात, तुमी त्यांना भावावानी सांभाळलंत. रोज म्हणतात. आन् मी खातो.

त्या बघा, डिव्हायडरवर थांबल्यात. — न्हाई, हात करू नका, गडबडतात त्या, गाड्या बघू द्या त्यांना. पुसा ते डोळे. फाईल पिशवीत घाला. घाला म्हणतो ना! — या भाभी, या. कोण? काय न्हाई, पुण्याच्या दवाखान्यातनं आल्यात, निघाल्याच होत्या. न्हाई, काय इचारत नव्हत्या. जावा ताई. पळा, गाडी लागली तुमची.